पहिला कॅमेरा: कोणत्या कंपनीचा, कोणत्या दुकानातून, आणि शिकायचे कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही चिपळूणला राहता, सुवर्णदुर्गासारखे किल्ले, आजूबाजूचे पक्षी आणि घरची कार्ये यांची छायाचित्रे काढण्याची तुमची इच्छा आहे, त्यासाठी ऐंशी हजार रुपये तुम्ही बाजूला काढले आहेत आणि हा तुमचा पहिलाच कॅमेरा असेल. कॅनन, निकॉन, सोनी आणि फुजिफिल्म यांपैकी कोणती कंपनी निवडावी, खरेदी मुंबईच्या फोर्टमध्ये करावी, ऑनलाइन करावी की न्यू जर्सीहून दिवाळीला येणाऱ्या मावसभावाला आणायला सांगावे, आणि शिकण्यासाठी कोणत्या संकेतस्थळांवर विश्वास ठेवावा, असे तुम्ही विचारले आहे. मी बावीस वर्षे पुण्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करतो आणि रविवारी काही हौशी मंडळींना शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वरचेवर येतो, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर थोडे वेगळे निघते.

कोणता कॅमेरा चांगला, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. तुम्ही लिहिलेल्या चारही कंपन्यांचा आजचा प्राथमिक कॅमेरासुद्धा मी व्यवसाय सुरू केला तेव्हाच्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा कमी प्रकाशात सरस छायाचित्र देतो. तुमच्यापुढची खरी अडचण दुहेरी आहे. आज जो कॅमेरा घ्याल त्याच्या माउंटशी, म्हणजे लेन्स ज्या कड्यावर बसते त्या कड्याशी, तुम्ही पुढची दहा वर्षे बांधले जाल. शिवाय चिपळूणच्या दमट हवेत काही बिघडले, तर ते दुरुस्त करून घेण्यासाठी कोणाच्या दारात जायचे, हे तुम्हाला आजच ठाऊक असायला हवे. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की कंपनीची निवड जवळपास आपोआप होते. म्हणून मी आधी लेन्स, मग दुकान आणि शेवटी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, या क्रमाने विचार करतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पक्षी हा तुमचा मुख्य विषय आहे की किल्ल्यांच्या वाटेवर दिसले तर टिपायचे एवढीच अपेक्षा आहे, यावर लेन्सचा अर्धा खर्च ठरतो. घरच्या कार्यांत चलचित्रण करायचे असेल तर बॉडीची निवड बदलते. पाठीवर किती वजन घेऊन तुम्ही किल्ला चढू शकता, हेही महत्त्वाचे आहे, कारण जड सामान चार-सहा महिन्यांत घरच्या कपाटात जाऊन बसते, हे मी पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. पक्षी दुय्यम आहेत, चलचित्रण क्वचितच करायचे आहे आणि वजन हलके हवे आहे, असे धरून मी पुढे लिहितो.

माउंटबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण दुकानदार याविषयी फारसे बोलत नाहीत. निकॉनचे एफ माउंट १९५९ सालापासून चालत आले, आणि २०१८ मध्ये मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी कंपनीने झेड माउंट आणले. कॅननचे ईएफ १९८७ सालचे आणि आरएफ २०१८ सालचे. सोनीचे ई माउंट २०१० पासून, तर फुजिफिल्मचे एक्स माउंट २०१२ पासून आहे. याच कॅननने २०१२ मध्ये लहान मिररलेस कॅमेऱ्यांसाठी ईएफ-एम नावाचे आणखी एक माउंट काढले होते, ते २०२३ मध्ये बंद झाले, आणि त्याच्या लेन्स नव्या आरएफ कॅमेऱ्यावर बसत नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीकडे त्या माउंटच्या तीन लेन्स आहेत. त्या उत्तम स्थितीत आहेत आणि छायाचित्रेही सुरेख देतात, पण बॉडी बदलायची वेळ आली की तिला सर्व संच विकून नव्याने सुरुवात करावी लागेल. याउलट कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स एका जोडकड्याच्या म्हणजे अ‍ॅडॅप्टरच्या मदतीने नव्या आरएफ कॅमेऱ्यांवर स्वयंचलित फोकससह व्यवस्थित चालतात. एकाच कंपनीत असे दोन अनुभव येऊ शकतात, म्हणून कंपनीच्या नावाइतकेच माउंटचे नाव विचारा.

इतर उत्पादकांच्या लेन्सचाही विचार करा. सिग्मा आणि टॅमरॉन या दोन जपानी कंपन्या कॅमेरा कंपनीपेक्षा कमी किमतीत फार चांगल्या लेन्स बनवतात, आणि त्यांची सर्वांत मोठी निवड आज सोनीच्या ई माउंटसाठी आहे. निकॉनच्या झेड माउंटसाठीही आता त्यांच्या बऱ्याच लेन्स मिळतात. कॅननने आपल्या आरएफ माउंटचे दार या दोघांसाठी २०२४ मध्येच उघडले, आणि तेही लहान सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या चकतीच्या) कॅमेऱ्यांच्या लेन्सपुरते, त्यामुळे तिथली निवड अजून मर्यादित आहे. पुढेमागे बऱ्याच लेन्स घ्यायचा विचार असेल तर सोनीचे पारडे जड होते. दोन-तीन लेन्सवर समाधान मानणाऱ्या माणसाला हा फरक फारसा जाणवणार नाही.

आता तुमच्यासाठी माझी शिफारस. निकॉन झेड५० किंवा त्याची २०२४ साली आलेली दुसरी आवृत्ती, आणि त्यासोबत १६-५० व ५०-२५० मिमी (आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) अशा दोन लेन्सचा संच, हे मला तुमच्या गरजेला सर्वांत जवळचे वाटते. याची पकड खोल आहे, त्यामुळे गड चढताना कॅमेरा हातात सुरक्षित राहतो, आणि ५०-२५० ची लेन्स अवघी ४०५ ग्रॅम वजनाची असूनही तिचे चित्र स्वच्छ येते. नवी आवृत्ती दोन लेन्ससह तुमच्या रकमेत बसली नाही, तर चांगल्या स्थितीतील वापरलेला पहिला झेड५० घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. कॅननकडे झुकायचे असेल तर आर५० ची बॉडी, तिचा अ‍ॅडॅप्टर आणि वापरलेली ५५-२५० एसटीएम लेन्स ही जोडी मी सुचवीन. ही लेन्स जुन्या डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्यांसाठी बनलेली असली तरी तिच्या किमतीत तिच्या तोडीचे दुसरे काही मला दिसत नाही. फुजिफिल्मचे रंग आणि कॅमेऱ्यावरची जुन्या पद्धतीची चाके मला मनापासून आवडतात, आणि मी स्वतः प्रवासात त्यांचाच कॅमेरा वापरतो. पण तुमच्या रकमेत बॉडी आणि लांब पल्ल्याची लेन्स दोन्ही त्यांच्याकडे बसवणे कठीण आहे.

पक्ष्यांबाबत अपेक्षा नेमकी ठेवा. या कॅमेऱ्यांचा सेन्सर ३६ × २४ मिमीच्या पूर्ण चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे निकॉनवर २५० मिमीची लेन्स ३७५ मिमीइतकी आणि कॅननवर ४०० मिमीइतकी जवळ आणल्यासारखी वाटते. भिगवणला नावेतून रोहित पक्षी टिपायला, वाशिष्ठीच्या काठावर पहुडलेल्या मगरींसाठी किंवा फळांनी लगडलेल्या वडावर आलेल्या धनेशासाठी हे पुरेसे आहे. झुडपातल्या शिंजीरासाठी किंवा दूरवर घिरट्या घालणाऱ्या समुद्री गरुडासाठी ते कमी पडेल. त्यासाठी लागणाऱ्या १५०-६०० मिमीच्या लेन्स तुमच्या संपूर्ण रकमेच्या आसपास जातात आणि दोन किलोच्या घरात वजन करतात. अशी लेन्स पुण्यात किंवा मुंबईत दोन दिवसांच्या भाड्याने मिळते. वर्षातून दोनदा भाड्याने घ्या, आणि तिसऱ्या वर्षीही तितकीच ओढ राहिली तर मग विकत घ्या.

खरेदीच्या जागेबद्दल मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून फोर्टच्या दिशेने गेलात की बोरा बाजारात आणि आसपासच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकाने ओळीने दिसतात. दिल्लीत चांदणी चौकातील कुचा चौधरी हा असाच बाजार आहे. फोर्टमध्येच जे. जे. मेहता अँड सन्स हे जुने नाव आहे, आणि त्यांच्या संकेतस्थळावर किमती उघड दिलेल्या असल्यामुळे तुलनेला आधार मिळतो. या बाजारात काही दुकानांत एकाच वस्तूचे दोन भाव सांगितले जातात, एक बिलाचा आणि दुसरा बिनबिलाचा. बिनबिलाचा भाव ऐकला की मोह होतो. पण त्या सवलतीचा मोठा भाग म्हणजे न भरलेला कर असतो. डिजिटल कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, आणि तेव्हापासून तो १८ टक्के आहे. मूळ किंमत साठ हजार असेल तर कर दहा हजार आठशे होतो. म्हणजे दुकानदार तुम्हाला आठ हजार सोडतो तेव्हा तो स्वतःच्या खिशातून काहीही सोडत नसतो, आणि त्या आठ हजारांच्या बदल्यात तुम्ही कंपनीची हमी सोडून देत असता.

याचा अनुभव मी जवळून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी मी सोबत असूनही माझ्या एका विद्यार्थ्याने एका दुकानातून बिनबिलाचा कॅमेरा घेतला, आणि मी त्याला पुरेसे अडवले नाही याची खंत मला आजही आहे. दुकानदाराने एका छापील चिठ्ठीवर शिक्का मारून दुकानाची एक वर्षाची हमी दिली होती. सातव्या महिन्यात शटरचे, म्हणजे सेन्सरसमोर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पडद्याचे, पाते अडकले. कंपनीच्या सेवा केंद्रात क्रमांक तपासल्यावर तो कॅमेरा भारतात विक्रीसाठी आलेलाच नाही असे कळले, आणि दुकानदाराने दुरुस्तीला पाठवतो म्हणून तो अडीच महिने स्वतःकडे ठेवला. त्या अडीच महिन्यांत त्या मुलाने हाती घेतलेली दोन लग्नांची कामे गेली. म्हणून दुकानात तीन ठिकाणचा अनुक्रमांक स्वतः वाचून पाहा: बॉडीच्या तळाशी किंवा पडद्यामागे कोरलेला, खोक्यावर चिकटवलेला आणि बिलावर लिहिलेला. तिन्ही अंक जुळले पाहिजेत, बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे, आणि हमीपत्र भारतासाठीचे असले पाहिजे. घरी आल्यावर त्याच आठवड्यात कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करा, कारण काही कंपन्या नोंदणी केलेल्यांनाच हमीची वाढीव मुदत देतात.

ऑनलाइन खरेदीला माझी हरकत नाही. अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर विकत घेताना मात्र त्या स्थळाचे नाव पाहून निश्चिंत होऊ नका, विक्रेत्याचे नाव वाचा, कारण एकाच पानावर कंपनीचा अधिकृत विक्रेता आणि कुठला तरी अनोळखी व्यापारी असे दोघेही असू शकतात. अधिकृत विक्रेत्यांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर असते, तिच्याशी ते नाव ताडून पाहा. पार्सल उघडताना शिक्का फोडण्यापासून अनुक्रमांक दिसेपर्यंत एकसलग चित्रफीत काढून ठेवा. दसरा-दिवाळीच्या सवलती खऱ्या असतात, पण त्यांपैकी बऱ्याच ठराविक बँकेच्या कार्डाशी किंवा सोबत दिलेल्या पिशवी-कार्डाच्या संचाशी जोडलेल्या असतात. हाती पडणारी नेमकी रक्कम कागदावर मांडून मगच तुलना करावी.

तुमच्या मावसभावाबद्दल. न्यूयॉर्कमधील बी अँड एच आणि अडोरामा ही दोन्ही दुकाने अत्यंत विश्वासाची आहेत, आणि बी अँड एचमध्ये एकदा शिरले की छायाचित्रकाराचा पाय निघत नाही. (ते दुकान शनिवारी बंद असते, हे त्याला आधी सांगून ठेवा.) तरीही बॉडी तिथून मागवू नका. अमेरिकेत घेतलेल्या कॅमेऱ्याची हमी सर्वसाधारणपणे अमेरिकेपुरतीच असते, आणि करमुक्त मर्यादेवरील किमतीवर विमानतळावर सीमाशुल्क भरावे लागते. ते जाहीर करूनच आणावे. हे सर्व जमेस धरले की बचत नाममात्र उरते. जपानमार्गे येणाऱ्या कोणाकडून आणवण्याचा विचार असेल तर आणखी एक अडचण आहे: तिथे विकल्या जाणाऱ्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांचा मेनू फक्त जपानी भाषेत असतो. भावाकडून आणायचेच असेल तर फिल्टर, चांगला पट्टा किंवा केईएच आणि एमपीबी यांच्यासारख्या दुकानांतली वापरलेली लेन्स आणवा. ही दुकाने प्रत्येक वस्तू तपासून तिची प्रत ठरवतात आणि ती प्रत सहसा खरी निघते. लेन्समध्ये बिघडण्यासारखे भाग बॉडीच्या मानाने कमी असल्यामुळे हमी नसण्याचा धोकाही तिथे कमी असतो.

आपल्याकडे वापरलेली वस्तू घेताना तपासणी स्वतःच करावी लागते, आणि ती अर्ध्या तासात होते. लेन्सची दोन्ही झाकणे काढा, पण लेन्स उजेडाकडे धरू नका. उलट अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन मागच्या बाजूने मोबाइलची विजेरी तिरकी पाडा आणि पुढच्या काचेतून आत पाहा. चार-दोन धुळीचे कण दिसले तर सोडून द्या. पण काचेच्या कडेपासून आत पसरत गेलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा कापसाच्या तंतूंसारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी आहे, आणि कितीही स्वस्त मिळत असली तरी ती लेन्स परत द्या. नंतर भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून, म्हणजे सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरवर एक छायाचित्र काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून पाहा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. बॉडीसाठी एफ/१६ वर, म्हणजे ते छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढले की सेन्सरवरचे डाग दिसतात. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या छायाचित्रात शटर किती वेळा चालले याचा आकडा दडलेला असतो, तो एक्झिफटूल या मोफत साधनाने वाचता येतो. कॅननमध्ये तो इतक्या सहज मिळत नाही. हौशी श्रेणीतील डीएसएलआरचे शटर साधारण एक लाख वेळा चालेल या हिशेबाने बनवलेले असते, त्यामुळे ज्याचे शटर तीस-चाळीस हजार वेळांपेक्षा कमी चालले आहे असा कॅमेरा मी निःशंकपणे घेतो. स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कॅमेरा उघडला गेलेला आहे असे समजा. जुलै २०२१ च्या पुरानंतर पाण्यात गेलेले आणि पुसून विकायला काढलेले दोन कॅमेरे माझ्याकडे तपासणीसाठी आले होते. बाहेरून ते स्वच्छ होते, पण बॅटरीच्या कप्प्यातील पितळी पट्ट्यांवर हिरवट थर आलेला होता. तुमच्या गावात घेताना तो कप्पा आवर्जून उघडून पाहा.

निकॉनच्या जुन्या लेन्स स्वस्तात पाहून भुलू नका. ज्या जुन्या लेन्सना फोकससाठी कॅमेऱ्यातील मोटर लागते, त्या डी५६०० सारख्या कॅमेऱ्यावर किंवा अ‍ॅडॅप्टर लावून झेड कॅमेऱ्यावर बसतात, पण स्वयंचलित फोकस करत नाहीत.

तुमच्या ठिकाणी बॉडी आणि लेन्स यांच्या खालोखाल महत्त्वाची खरेदी कोणती असे विचारलेत, तर मी हवाबंद डबा असे सांगेन. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर पांढरा थर येतो, तसाच तो लेन्सच्या आत येतो, आणि एकदा काचेवरचा लेप बुरशीने खाल्ला की साफ करूनही खूण राहते. विजेवर चालणारे कोरडे कपाट घ्यायचे असेल तर अवश्य घ्या, पण सुरुवातीला रबरी कडा असलेला धान्याचा मोठा डबा, त्यात पाव किलो रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढ्यावर काम उत्तम भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. फार कोरडेही नको. दाण्यांचा रंग बदलला की ते लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात. किल्ल्यावरून भिजून आल्यावर कॅमेरा लगेच डब्यात कोंडू नका, रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि मग आत ठेवा. कापडी पिशवीत वर्षानुवर्षे ठेवणे हे बुरशीला निमंत्रण आहे, आणि चामड्याची खोळ त्याहून वाईट.

इतर सामानाबाबत थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या तिपाईसाठी डिजिटेक किंवा सिम्पेक्स या आपल्याकडे सहज मिळणाऱ्या नावांवर काम भागते, आणि पुढे टिकाऊ हवी झाली की बेन्रो किंवा मॅनफ्रोटो पाहा. मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढता येतात, तिपाईला वेगळी परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी तुमचा सुवर्णदुर्ग एक आहे. तिथे तिपाई घेऊन होडीत बसण्याआधी ही परवानगी पाहून घ्या, किंवा या वर्षी तिपाई घेऊच नका. घरच्या कार्यांसाठी गोडॉक्सचा एक लहान फ्लॅश घ्या आणि तो पाहुण्यांच्या तोंडावर न मारता पांढऱ्या छतावर मारा. एवढ्या एका बदलाने तुमची छायाचित्रे घरच्यांना वेगळी दिसू लागतील. मेमरी कार्ड मात्र नामांकित कंपनीचे आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. अर्ध्या किमतीत मिळालेले १२८ जीबीचे एक कार्ड मी पूर्वी वापरले होते. त्यावर प्रत्यक्षात त्याच्या चौथा हिस्साही माहिती साठत नव्हती, आणि एका बारशाची शेवटची सारी छायाचित्रे कोरी निघाली. ती आजीच्या मांडीवर बाळ ठेवल्याची छायाचित्रे होती, आणि ती पुन्हा काढता येणारी नव्हती. तेव्हापासून प्रत्येक नवे कार्ड मी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ या मोफत साधनाने पूर्ण भरून तपासतो, मगच कामाला नेतो.

शिकण्याच्या साधनांकडे येतो. कॅमेऱ्यांच्या तुलनेसाठी डीपीरिव्ह्यू हे १९९८ पासूनचे संकेतस्थळ आजही माझे पहिले ठिकाण आहे. एकाच टेबलावरील त्याच वस्तूंचे निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी काढलेले छायाचित्र तिथे शेजारी शेजारी मोठे करून पाहता येते, आणि एवढ्या एका सोयीने निम्म्या शंका मिटतात. २००७ मध्ये ते अ‍ॅमेझॉनने घेतले, मार्च २०२३ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिअर पट्रोलने ते विकत घेऊन चालू ठेवले. त्या तीन महिन्यांत आम्हा अनेकांना आपण किती वर्षे त्याच्यावर विसंबून होतो, हे कळले. प्रकाशाची मात्रा, हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख), फोकसची खोली या मूलभूत गोष्टींसाठी केंब्रिज इन कलर हे संकेतस्थळ क्रमाने वाचा. त्यातील आकृत्या इतक्या स्पष्ट आहेत की इंग्रजीचा फारसा सराव नसलेले माझे विद्यार्थीही त्यावरून शिकले. लेन्सच्या सखोल चाचण्यांसाठी, विशेषतः निकॉनच्या, फोटोग्राफी लाइफ चांगले आहे. फ्लॅश शिकायचा असेल तर स्ट्रोबिस्ट या संकेतस्थळावरील प्रकाशयोजनेचे धडे अजूनही मोफत उपलब्ध आहेत, आणि मी स्वतः एकाच फ्लॅशवर काम करायला तिथेच शिकलो.

छायाचित्रांवर काम करण्यासाठी लगेच मासिक शुल्क भरू नका. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, आणि कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमधून (सेन्सरने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या नोंदीतून) काय काय बाहेर काढता येते हे त्यांवर पुरेपूर शिकता येते. आकाशगंगा किंवा चंद्रोदय टिपायचा असेल तर स्टेलॅरियम या आकाशदर्शक सॉफ्टवेअरमध्ये तारीख आणि ठिकाण घालून चंद्र कोणत्या दिशेला उगवेल, हे घरी बसून पाहा. पक्ष्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाचे ईबर्ड वापरा. तुमच्या तालुक्यात कोणता पक्षी कोणत्या महिन्यात दिसला, याच्या नोंदी त्यात असतात, आणि माझ्या मते चांगल्या पक्षीचित्रासाठी ही माहिती लांब लेन्सपेक्षाही अधिक उपयोगी पडते. यूट्यूबवरच्या समीक्षांबाबत एवढेच सांगतो की नवा कॅमेरा बाजारात आल्या दिवशीच त्याची स्तुती करणारा माणूस तो कॅमेरा चार दिवसांपेक्षा जास्त वापरलेला नसतो. सहा महिने वापरून मग बोलणाऱ्यांचे ऐका.

पाहण्यासाठी केवळ इन्स्टाग्रामवर अवलंबून राहू नका. मुंबईला गेलात तर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रातील पिरामल कलादालन पाहा. ते खास छायाचित्रणासाठी आहे. तिथे भिंतीवर छापलेले छायाचित्र दोन फुटांवरून पाहताना काळ्या रंगात किती छटा असतात हे जे कळते, ते मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही. स्वतःची कामे ठेवण्यासाठी विकिमीडिया कॉमन्स या सर्वांना मोफत वापरता येणाऱ्या छायाचित्रांच्या साठ्याचाही विचार करा. तुमच्या भागातील लहान गढ्या, देवळे, जुने पूल यांची चांगली छायाचित्रे तिथे हवीच आहेत, आणि तुमच्या नावाने ठेवलेले एक छायाचित्र मराठी विकिपीडियावरील लेखात वर्षानुवर्षे वापरले जाऊ शकते.

ऐंशी हजारांची वाटणी मी अशी करीन: बॉडी आणि दोन लेन्ससाठी पासष्ट हजारांच्या आसपास, फ्लॅश, कार्ड आणि एक जास्तीची बॅटरी यांसाठी दहा, डबा व सिलिका जेल यांसाठी दोन, आणि उरलेले तीन हजार वेगळे ठेवा, त्यातून आधी हाच कॅमेरा दोन दिवस भाड्याने घेऊन पाहा. खरेदीला फोर्टमध्ये जाल तेव्हा शनिवारी दुपारी जाऊ नका, कारण दुकानात गर्दी असते आणि कोणालाच निवांत बोलता येत नाही. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास जा. स्वतःचे कार्ड आणि घडी केलेले वर्तमानपत्र सोबत न्या. दुकानातल्या दुकानात भिंतीवर ते चिकटवून चाचणी करू देणाऱ्या दुकानदाराकडून घ्या. ज्याला त्या दहा मिनिटांची घाई वाटते, तो सातव्या महिन्यात तुमचा फोन उचलणार नाही.